मानस

बांबोळीला दारावर पाटी होती: मानसोपचार.
बाबांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला,
एकेक अक्षर लावून वाचलं
आणि म्हणाले, "हांगाय मानस दुरुस्त करतात?"
रांगेतली एक बाई हसली.
मी हसले नाही. मला अकरा रात्री झोप नव्हती.

सांगायला हवं: आमच्या चोडणला मानस म्हणजे मन नव्हे.
बांधातलं लाकडी दार.
एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला खाजन.
भरती चढली की पाणी आपल्याच रेट्याने ते लावून घेतं,
ओहोटीला शेतातलं पाणी आतून ढकलून उघडतं.
माणसाने फळ्या चाचपायच्या,
फटीत चिखल नि पेंढा दाबायचा,
आणि खारं किती आत घ्यायचं ते ठरवायचं.
थोडं लागतंच. कोरगुटाला मीठ सोसतं.
जास्त शिरलं तर तीन पावसाळे
जमीन कुणाशी बोलत नाही.
बाबांनी हे एकतीस वर्षं केलं.

डॉक्टरीण माझ्याहून लहान असेल.
तिने विचारलं, रात्री फोन किती वेळ?
मी म्हटलं, तो दोह्याला असतो. अडीच तासांचा फरक.
हे काही उत्तर नव्हतं,
तिने तेही लिहून घेतलं.

तन्वेश आणि मी समोरासमोर एकदाच भांडलो,
फेरीबोटीत. पाच मिनिटांत धक्का आला,
मागच्या स्कूटरी हॉर्न मारू लागल्या,
आम्ही घाईने उतरलो,
भांडण तिथेच राहिलं. पाण्यात पडलं असेल.

फोनमधलं पडत नाही कुठे.
बोटाने वर वर सरकवत गेलं की
गेल्या मार्चमधलं "बरं." सापडतं,
पूर्णविरामासकट.
त्या एका ठिपक्यावर मी अख्खी रात्र काढली आहे.
शेवटचं दिसला एक सत्तेचाळीसला.
मग दोन दहाला. मग, कोणाशी?
मग त्याच्या मित्राने टाकलेला जेवणाचा फोटो,
कडेला कापला गेलेला एक हात,
हातात बांगडी.
मी तो हात इतका मोठा केला
की त्याचे चौकोन झाले.

सकाळी तो लिहायचा: जेवलीस?
मी लिहायची: हो.
आणि पुढे एक पिवळा चेहरा, हसणारा,
माझ्यापेक्षा पुष्कळ बरा दिसणारा.

गोळी अर्धी, रात्री जेवल्यावर.

अमावास्येला बाबांनी मला मानसावर नेलं.
पाणी दोनच्या पुढे उतरायचं होतं,
आणि मी काय, जागीच.
दाराच्या तोंडाशी जाळं बांधून
ते बांधावर उकिडवे बसले, बॅटरी विझवून.
बऱ्याच वेळाने, काळोखाला सांगावं तसं म्हणाले,
"एक फावट म्हाका न्हीद पडली."
फळी सुटली होती. उजाडेपर्यंत
शाबयच्या शेतात गुडघाभर खारं.
तीन वर्षं बाबा बाजाराला जाताना
त्याचं घर चुकवून, देवळामागून जायचे.
"मग?"
"मग कितें. चवथ्या वर्साक त्याणेंच उलो मारलो."

खाली लाकूड करकरलं,
पाणी निघालं.
खिशात फोन थरथरला, मी काढला.
तन्वेश टायपिंग. थांबला.
परत टायपिंग. परत काही नाही.
नेहमी मी इथे दात आवळून बसते.

आज बटण दाबून फोन दाराकडे धरला.
चौदा सेकंद: पाणी, बेडूक,
बाबांचा खोकला.
पाठवलं.
एक टिक. मग दोन.
निळ्या झाल्या की नाही ते बघणार होते,
तेवढ्यात बाबा ओरडले,
जाळं जड झालं होतं, दोघांनी ओढायला हवं होतं,
आणि माझे दोन्ही हात
सुंगटांनी, चिखलाने भरले.